बॉस्टनचा होकार, रोमचा नकार: केनेडी विवाह शून्यता प्रकरण

जोसेफ केनेडी (दुसरे) आणि शीला राउच यांचे लग्न फेब्रुवारी १९७९ मधले. जोसेफ हे रॉबर्ट केनेडी यांचे थोरले चिरंजीव, म्हणजे अमेरिकेचे पहिले कॅथलिक राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचे पुतणे. लग्नाच्या वेळी ते २६ वर्षांचे होते. शीला एपिस्कोपल पंथाच्या, म्हणजे अँग्लिकन परंपरेतल्या. दोघांची ओळख लग्नाच्या कित्येक वर्षे आधीपासूनची. १९८० मध्ये त्यांना जुळे मुलगे झाले. १९८६ मध्ये जोसेफ मॅसॅच्युसेट्समधून अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेले आणि १९९१ मध्ये दोघांचा दिवाणी घटस्फोट झाला. इथवर सांगण्यासारखे विशेष काही नाही. अशी लग्ने होतात आणि मोडतात.

प्रकरण सुरू होते १९९३ मध्ये. त्या वर्षी जोसेफ यांनी आपल्या कार्यालयातल्या सहकारी बेथ केली यांच्याशी दिवाणी पद्धतीने लग्न केले. त्याच वर्षी त्यांनी बॉस्टनच्या आर्चडायोसीसच्या, म्हणजे कॅथलिक महाधर्मप्रांताच्या न्यायालयात अर्ज दिला होता, की शीलाशी झालेला विवाह मुळातच वैध नव्हता असे जाहीर करावे. १९९६ मध्ये बॉस्टनने तसे जाहीर केले. शीला यांनी रोमकडे दाद मागितली. २००५ मध्ये रोमन रोटाने, म्हणजे रोममधल्या चर्चच्या अपील न्यायालयाने, बॉस्टनचा निकाल फिरवला. कॅथलिक चर्चमधल्या ‘अनलमेंट’विषयी, म्हणजे विवाह मुळातच शून्य होता असे जाहीर करण्याविषयी, आपल्याकडे जे गैरसमज आहेत, ते जवळजवळ सगळे या एका प्रकरणात तपासून घेता येतात.

आधी एक खुलासा हवा. चर्च न्यायालयाची कागदपत्रे गोपनीय असतात. या खटल्याबद्दल जगाला जे कळले ते बहुतेक शीला यांच्या लिखाणातून आणि मुलाखतींतून. १९९७ मध्ये त्यांनी यावर एक पुस्तकच लिहिले. जोसेफ यांची बाजू तेवढ्या विस्ताराने कधी बाहेर आली नाही, म्हणून माणसांपेक्षा प्रक्रियेवर भर दिलेला बरा.

न्यायालय नेमके काय तपासते

दिवाणी न्यायालयात घटस्फोट मागताना लग्नानंतर काय घडले ते सांगायचे असते: छळ, व्यभिचार, सोडून जाणे, न पटणे. चर्चच्या न्यायालयाला यातल्या कशाशीही थेट कर्तव्य नसते. त्याचा प्रश्न एकच: वेदीसमोर ‘होय’ म्हटले त्या क्षणी ते ‘होय’ खरे होते का? १९८३ च्या कॅनन लॉ (चर्चचा कायदा) संहितेचे कलम १०५७ सांगते की विवाह घडतो तो दोघांच्या संमतीने, आणि ही संमती दुसरी कोणतीही मानवी सत्ता त्यांच्या वतीने देऊ शकत नाही. आईबाप, धर्मगुरू, बिशप, कुणीच नाही. पण एकदा ती खरेपणाने दिली, बाप्तिस्मा झालेल्या दोघांचा विवाह झाला आणि शरीरसंबंध आला, की कलम ११४१ प्रमाणे मृत्यूशिवाय तो विवाह कुणी मोडू शकत नाही. पोपही नाही.

खरेदीखतावर सही करणारा त्या दिवशी भानावर नव्हता असे सिद्ध झाले, तर ते खत पहिल्यापासूनच शून्य. पण घर पुढे दहा वर्षांनी गळायला लागले म्हणून खत शून्य होत नाही. जोसेफ यांच्या अर्जाला १९८९ मधल्या भांडणांचा फारसा उपयोग नव्हता. त्यांना १९७९ मधले काहीतरी सिद्ध करायचे होते.

सिद्ध करण्याचा भार अर्जदारावरच असतो. कलम १०६० प्रमाणे विवाहाला कायद्याचा कौल मिळालेला आहे. शंका असेल तर विवाह वैधच धरायचा. शीला कॅथलिक नव्हत्या, पण बाप्तिस्मा झालेल्या ख्रिस्ती होत्या. त्यामुळे चर्चच्या दृष्टीने तो विवाह संस्कारच होता आणि तितकाच अतूट होता.

मग घटस्फोट झाला, दुसरे लग्नही झाले, तर या निवाड्याची गरज काय? गरज कम्युनियनची, म्हणजे मिस्सेत (कॅथलिक उपासनेत) दिल्या जाणाऱ्या पवित्र भाकरीची. पहिला विवाह चर्चच्या नजरेत टिकून असेल, तर दुसरे दिवाणी लग्न हे लग्नच नव्हे, आणि तशा संसारात राहणाऱ्याला मिस्सेत कम्युनियन घेता येत नाही. घराणे कॅथलिक, मतदारसंघात कॅथलिकांची मोठी संख्या, आणि रविवारी सगळ्यांदेखत बाकावर बसून राहायचे. राजकारण सोडून दिले तरी श्रद्धाळू माणसाला ही गोष्ट लागतेच. वसईतल्या कुठल्याही धर्मग्रामात विचारा, तिथेही हेच सांगतील.

अर्जापासून निकालापर्यंत

प्रक्रिया कागदोपत्री सरळ आहे. अर्जदार अर्ज देतो. त्यात लग्न, कुटुंब, ओळख कशी झाली, कोणत्या कारणाने विवाह अवैध वाटतो, हे सगळे असते. न्यायालय अर्ज दाखल करून घेते आणि समोरच्या पक्षाला कळवते. हे कळवणे अनिवार्य आहे. समोरच्याने उत्तर दिले नाही तर त्याला गैरहजर धरून खटला पुढे जातो, पण त्याला न कळवता तो चालवता येत नाही. मग वादाचा मुद्दा ठरतो: कोणत्या कलमाखाली आणि कुणाच्या बाजूने संमती सदोष होती. दोघांच्या जबान्या होतात. साक्षीदार लागतात ते लग्नाआधीपासून दोघांना ओळखणारे. भाऊ-बहीण, जुने मित्र, लग्नाची तयारी करून घेणारे फादर. कारण मानसिक स्वरूपाचे असेल तर मानसशास्त्रज्ञाचा अहवाल मागवतात. सगळा पुरावा जमल्यावर दोन्ही पक्षांना तो पाहू देतात. शेवटी तीन न्यायाधीश बसतात आणि त्यांना ‘नैतिक निश्चिती’ वाटली तरच विवाह शून्य ठरतो. नुसती शक्यता पुरत नाही.

या सगळ्यात एक अधिकारी असा असतो, ज्याचा पगारच विवाहाची बाजू घेण्यासाठी आहे. विवाहबंधन-रक्षक. दोन्ही पक्षांना विवाह शून्य व्हावा असे वाटत असले, तरी त्याने विवाहाच्या बाजूने जे म्हणता येईल ते मांडायचे. पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी १७४१ मध्ये हे पद निर्माण केले, कारण त्या काळी काही ठिकाणची चर्च न्यायालये विवाह पटापट शून्य करून देत होती. त्याच आदेशात त्यांनी दुसरी अटही घातली: एका न्यायालयाचा होकार पुरेसा नाही, दुसऱ्या वरिष्ठ न्यायालयाचाही तसाच होकार आला पाहिजे. ही अट तब्बल २७४ वर्षे टिकली. केनेडी प्रकरण तिच्याच छायेत चालले.

बॉस्टनहून पत्र आले तेव्हा शीला हादरल्या. घटस्फोटाला त्यांचा विरोध नव्हता; तो तर झालाच होता, आणि त्यांच्या पंथाला तो चालतो. विरोध होता तो बारा वर्षांचा संसार ‘कधी झालाच नव्हता’ असे कुणीतरी ठरवण्याला. मुलगे त्या वेळी तेरा वर्षांचे. त्यांना काय सांगायचे? शीला यांच्या सांगण्यानुसार, आपले लग्न खरे होते हे जोसेफही मान्य करत होते. बाकी सगळी चर्चची भाषा आहे, तिच्याकडे कुणी गांभीर्याने पाहत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. जोसेफ असे म्हणाले असतील तर त्यांच्या स्वतःच्या अर्जाच्या दृष्टीने ते मोठे अवघड वाक्य आहे.

मुलांचा प्रश्न मात्र कायद्याने केव्हाच सोडवलेला आहे. कलम ११३७ प्रमाणे वैध विवाहातून झालेली मुले औरस, आणि वैध समजून केलेल्या विवाहातून झालेली मुलेही औरस. विवाह पुढे शून्य ठरला म्हणून मुलांच्या औरसपणाला धक्का लागत नाही. ‘अनलमेंट झाले की मुले अनौरस होतात’ हा आपल्याकडेही घट्ट रुतलेला समज आहे आणि तो साफ चुकीचा आहे. शीला यांचे दुखणे अर्थात कायद्याच्या पलीकडचे होते. आईवडील एकमेकांवर प्रेम करून नवरा-बायको झाले होते का, हे मुलांना कळायला हवे, असे त्यांना वाटत होते.

कलम १०९५

बॉस्टनने ज्या कारणावर होकार दिला ते ‘विवेकनिर्णयाचा अभाव’. कलम १०९५ चे तीन भाग आहेत. पहिला, ज्याला पुरेशी बुद्धीच वापरता येत नाही. दुसरा, विवाहाच्या मूलभूत हक्क-कर्तव्यांबाबत ज्याच्या विवेकनिर्णयात गंभीर उणीव आहे. तिसरा, मानसिक कारणांमुळे जो ती कर्तव्ये पेलूच शकत नाही. केनेडी खटला दुसऱ्या भागातला.

बाकीची कारणे तुलनेने पकडता येतात. जबरदस्तीने लग्न लावले, मोठी गोष्ट फसवून लपवली, मुले नकोतच असे मनाशी ठरवून वेदीसमोर उभा राहिला, आधीचे लग्न शिल्लक होते. यात घटना असते, कागद असतो, साक्षीदार असतो. १०९५ च्या दुसऱ्या भागात माणसाच्या मनात डोकवायचे असते आणि तेही बऱ्याच वर्षांनंतर. २६ व्या वर्षी कुणाचा विवेक पूर्ण पिकलेला असतो? ‘उणीव’ या शब्दाआधी संहितेने ‘गंभीर’ हा शब्द घातला आहे. तो नजरेआड केला तर या कलमाखाली जवळजवळ प्रत्येक मोडलेले लग्न बसवता येईल.

अमेरिकेत साधारण तसेच झाले, असे माझे मत आहे. १९६८ मध्ये अख्ख्या देशात साडेतीनशेच्या आसपास विवाह शून्य ठरले होते. १९७० मध्ये रोमने अमेरिकी बिशपांना प्रायोगिक म्हणून सोपे नियम दिले. त्यात दुसऱ्या होकाराच्या अटीतून सूट मिळण्याची वाट होती. १९८३ मध्ये नवी संहिता आली आणि ती सूट गेली, पण तोवर न्यायालये उभी राहिली होती, प्रशिक्षित माणसे होती, मानसशास्त्राची भाषा रुळली होती. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आकडा वर्षाला साठ हजारांच्या घरात गेला. यात सगळेच लबाडीचे होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. घटस्फोट वाढले, अर्ज वाढले, आणि पूर्वी अर्ज कसा करायचा हेच लोकांना माहीत नव्हते. तरीही पोप जॉन पॉल दुसरे यांना फेब्रुवारी १९८७ मध्ये रोटाच्या न्यायाधीशांना बजावून सांगावे लागले की विवाह अवैध ठरतो तो अक्षमतेने, अडचणीने नव्हे. संसार जमवणे कठीण गेले म्हणजे माणूस संसारास असमर्थ होता असा अर्थ होत नाही.

म्हणूनच ‘केनेडी आडनावामुळे बॉस्टनने होकार दिला’ ही तेव्हा सर्रास बोलली गेलेली गोष्ट मला पटत नाही. त्याच वर्षी हजारो प्लंबर, शिक्षिका आणि बसचालकांना तोच होकार, त्याच कलमाखाली मिळत होता. आडनावाची गरजच नव्हती.

रोम

जुन्या नियमाप्रमाणे बॉस्टनचा होकार आपोआप अमेरिकेतल्या दुसऱ्या न्यायालयाकडे मंजुरीला गेला असता, आणि तिथे बहुतेक तो कायम झाला असता. शीला यांनी तो रस्ता टाळला. कलम १४४४ प्रमाणे पहिल्या न्यायालयाच्या निकालावर थेट रोमन रोटाकडे अपील करता येते. हा हक्क कुठल्याही पक्षाला आहे, कॅथलिक नसलेल्यालाही. रोटाला दुसऱ्या पायरीवर बोलावण्याचा हा हक्क फार कमी लोक वापरतात, कारण तो आहे हेच त्यांना माहीत नसते. शीला यांना ते शोधून काढावे लागले, आणि त्यांच्या पुस्तकाने पुढे अनेकांना तो रस्ता दाखवला. पुस्तक आले त्याच वर्षी जोसेफ यांनी मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरपदाच्या शर्यतीतून माघार घेतली. भावाशी संबंधित एक कौटुंबिक वादही तेव्हा गाजत होता, त्यामुळे सगळे खापर अनलमेंटवर फोडता येत नाही.

रोटाला घाई नसते. कागदपत्रे गेली, तीन न्यायाधीशांच्या पीठापुढे प्रकरण आले, आणि २००५ मध्ये निकाल लागला: विवाह शून्य असल्याचे सिद्ध झालेले नाही. शीला यांच्यापर्यंत आणि वर्तमानपत्रांपर्यंत तो पोचला २००७ च्या मध्याला. अर्जापासून मोजले तर चौदा वर्षे. तेरा वर्षांचे मुलगे सव्वीस वर्षांचे झाले, म्हणजे लग्नाच्या वेळी वडिलांचे जे वय होते तेवढे.

या निकालाचा अर्थ काळजीपूर्वक समजून घ्यावा लागतो. रोटाने ‘हे लग्न चांगले होते’ असे म्हटले नाही. ‘हे दोघे पुन्हा एकत्र यावेत’ असेही नाही. दिवाणी घटस्फोट तसाच राहिला, बेथ केलींशी झालेले दिवाणी लग्नही अमेरिकी कायद्याने वैधच राहिले. रोटा एवढेच म्हणाले की १९७९ ची संमती सदोष होती हे पुराव्याने दिसत नाही, आणि शंका असेल तिथे विवाह टिकतो. एक होकार आणि एक नकार असे झाल्याने जोसेफ यांना रोटाच्याच दुसऱ्या पीठाकडे जाण्याची मुभा कायद्यात होती.

चर्चच्या शिकवणुकीप्रमाणे घटस्फोट न मानणारा पक्ष कॅथलिक, आणि ती मानायची सक्ती नसलेली स्त्री प्रॉटेस्टंट. विवाहबंधनाची बाजू मात्र शेवटपर्यंत त्या स्त्रीने लढवली. बॉस्टनमधल्या बंधन-रक्षकाने ती पुरेशी लढवली होती का, हे कागदपत्रे गुप्त असल्यामुळे कुणालाच सांगता येणार नाही.

आज हाच खटला

पोप फ्रान्सिस यांनी १५ ऑगस्ट २०१५ रोजी प्रक्रियेत बदल केले आणि ते त्याच वर्षी ८ डिसेंबरपासून लागू झाले. दुसऱ्या होकाराची १७४१ पासूनची अट गेली. अर्जदाराला आपल्या राहत्या ठिकाणच्या न्यायालयात जाण्याची मोकळीक मिळाली. दोघांची संमती असेल आणि अवैधता अगदी उघड असेल तर स्वतः बिशपने थोडक्यात निवाडा करण्याची वाट निघाली. शक्य तिथे खर्च घेऊ नये असेही सांगितले गेले. वर्षानुवर्षे ताटकळणाऱ्या साध्या माणसांच्या दृष्टीने हे बदल हवेच होते.

पण शीला यांच्या जागी आज कुणी असेल तर काय होईल? अपिलाचा हक्क आहेच, रोटाकडेही आहे. निकाल कळल्यापासून पंधरा दिवसांत तो वापरावा लागतो. अपील केवळ वेळ काढण्यासाठी आहे असे वरच्या न्यायालयाला दिसले, तर ते तिथेच पहिला निकाल कायम करू शकते. शीलासारखी जिद्दी, शिकलेली, वकील गाठू शकणारी बाई आजही रोमपर्यंत जाईल. फरक पडला आहे तो गप्प बसणाऱ्यांना. पूर्वी समोरचा पक्ष काही बोलला नाही तरी दुसरे न्यायालय कागद उघडून बघायचे. आता न बोलणाऱ्याचा खटला पहिल्याच पायरीवर संपतो. चर्च न्यायालयातून पत्र आले तर ‘मला काय करायचेय’ म्हणून फेकून देऊ नये, असे मी ओळखीच्यांना सांगतो. होकार द्यायचा असो की नकार, आपली जबानी द्यावी.

आपल्याकडचा फरक

केनेडींचा क्रम होता आधी दिवाणी घटस्फोट, मग चर्च. अमेरिकेतली चर्च न्यायालये सहसा हाच क्रम मागतात. भारतात हा क्रम पाळला नाही तर प्रकरण फौजदारी वळणावर जाऊ शकते.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये केरळमधल्या एका खटल्यात हा मुद्दा स्पष्ट केला. एका स्त्रीचा पहिला विवाह चर्च न्यायालयाने शून्य ठरवला होता. त्यावर विसंबून तिने दुसरे लग्न केले. पुढे दुसऱ्या नवऱ्यानेच न्यायालयात जाऊन सांगितले की हिचा पहिला नवरा जिवंत आहे, आमचे लग्न शून्य ठरवा. आणि न्यायालयाने ते मान्य केले. ख्रिस्ती विवाह मोडण्याचा किंवा शून्य ठरवण्याचा अधिकार घटस्फोट कायद्याप्रमाणे दिवाणी न्यायालयालाच आहे. चर्चच्या निवाड्याने दिवाणी हक्क बदलत नाहीत. चर्चच्या निवाड्यांना कायद्याने मान्यता द्यावी अशी एक जनहित याचिका कर्नाटकातून गेली होती, तीही जानेवारी २०१७ मध्ये फेटाळली गेली. मुंबई, वसई, पुणे, नाशिक, कुठल्याही धर्मप्रांतात अनलमेंट मिळाले तरी कुटुंब न्यायालयाचा हुकूम हातात नसेल तर दुसरे लग्न करणे म्हणजे द्विविवाहाच्या गुन्ह्याला आमंत्रण.

गोव्याची वाट ऐतिहासिकदृष्ट्या निराळी. १९४० मध्ये पोर्तुगाल आणि व्हॅटिकन यांच्यात करार झाला आणि त्याच्या पाठोपाठ १९४६ च्या हुकुमाने वसाहतींमध्ये चर्चमधल्या लग्नाला दिवाणी परिणाम दिले. त्याच हुकुमाच्या १९ व्या कलमाने चर्च न्यायालयाचा अंतिम निवाडा उच्च न्यायालयामार्फत दिवाणी नोंदीपर्यंत पोचवण्याची सोय केली. म्हणून गोव्यातला नातेवाईक ‘आमच्याकडे चर्चचे चालते’ असे म्हणतो, ते हवेतून आलेले नसते. पण त्याच्या शब्दावर वसईत किंवा ठाण्यात लग्नाचा हॉल बुक करू नये. आधी वकिलाला विचारावे, आणि लग्नाची नोंद कोणत्या कायद्याखाली झाली आहे ते दाखल्यावर बघून घ्यावे.